शेवटच्या रांगेतले बगळे

दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर मोहरीच्या चटणीचा एक ठिपका वाळून बसला होता — पिवळा, कडेनं जरा तपकिरी, गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या सामन्याचा असणार, कारण त्यानंतर दुर्बीण कपाटातून निघालीच नव्हती — आणि क्लेटन ब्रुगमन तो शर्टाच्या टोकानं पुसत होता. शर्टाच्या टोकानं भिंग पुसू नये, असं तो केटरव्हिलच्या मेन स्ट्रीटवरच्या आपल्या चष्म्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं सांगत आला होता. प्रत्येकजण मान डोलवायचा आणि दाराबाहेर पडता पडता शर्टाचं टोक बाहेर काढायचा. आज त्याला त्या सगळ्यांबद्दल एकदम माया वाटली.

खरं तर आज दुर्बिणीचं काम नव्हतं. आजची जागा नवव्या रांगेत होती, मैदानाच्या अगदी मध्यावर, जिथून शिट्टी फुंकताना पंचाचे फुगलेले गाल दिसतात म्हणे. आयुष्यभर तो सगळ्यात वरच्या रांगेत बसला, पाठीला सिमेंटची भिंत, भिंतीपलीकडे नुसता वारा आणि मक्याची शेतं. तिथून खालचा खेळ म्हणजे मुंग्यांनी एकमेकींच्या अंगावर पडावं आणि पुन्हा उठावं तसा. तरी दुर्बीण गळ्यात अडकवली त्यानं. सवय. आणि दुर्बीण नसली तर हात कुठं ठेवायचे हाही एक प्रश्नच होता, आजच्या दिवशी तर फारच.

कारण आज बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. "पाव्हलिकबाई, खाली एक जागा रिकामी आहे, येता का?" दाढी करताना ते आरशात म्हणून पाहिलं तेव्हा बरं वाटलं होतं; कॉफी गाळताना म्हटलं तर त्यात बसच्या कंडक्टरचा सूर आला. मग 'येता का' काढून टाकलं. मग 'एक जागा' काढून पाहिली... शेवटी हातात नुसत्या पाव्हलिकबाई उरल्या.

ही सगळी त्या शिक्षेची करणी. गेल्या हिवाळ्यात केटर कॉलेजचं भांडं फुटलं — फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, पोरांना मोटारी कुणी घेऊन दिल्या, त्यांच्या परीक्षा कुणी लिहिल्या, आणि यातलं प्रशिक्षकाला काहीच कसं ठाऊक नव्हतं, म्हणजे सगळंच कसं ठाऊक होतं. कॉलेजांच्या खेळांवर नजर ठेवणाऱ्या समितीनं चार वर्षांची शिक्षा ठोकली. मोसमानंतरच्या मोठ्या सामन्यांना बंदी. शिष्यवृत्त्या निम्म्यावर. ज्या खेळाडूला दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल त्यानं खुशाल जावं, आणि जून संपायच्या आत ज्यांना धावता येत होतं ते सगळे धावले. शिवाय मागच्या पाच मोसमांतले विजय रद्द. हरलात असं नव्हे, बरोबरी झाली असंही नव्हे. सामना जिंकला होता, ती गोष्टच मुळी घडलेली नाही, असं.

गावावर सुतक उतरलं. शेजारच्या केशकर्तनालयवाल्या ऑगी लिंडक्विस्टनं दुकानाबाहेरच्या खांबाला काळं फडकं गुंडाळलं. बेकरीवाल्यांनी बगळ्याच्या आकाराची बिस्किटं करणं थांबवलं — संघाचं नाव 'बगळे', पांढरे-करडे शर्ट, या गावात पोर जन्मलं की पहिलं टोपडंही करडंच. ज्यांचे डोळे ठणठणीत अशी माणसं डोळे तपासायला येऊन बसू लागली. अंधाऱ्या खोलीत त्यांच्या नाकावर जड चौकट चढवून क्लेटन भिंगं बदलत विचारायचा — हे बरं दिसतं की हे? — आणि ते म्हणायचे, "क्लेट, आता काय दिसायचं राहिलंय सांग."

आणि तो त्यांच्याबरोबर मान हलवायचा, सुस्कारा टाकायचा. सुस्कारा खराच असायचा. पण जुलैमध्ये तिकीट कचेरीतल्या मुलीचा फोन आला — डॉक्टर, खूप लोकांनी यंदा मोसमाची तिकिटं सोडलीत, तुम्हाला खाली यायचं असेल तर कुठंही या — तेव्हा त्या सुस्काऱ्यामागून जे वर उसळलं त्याला सुतक म्हणता येत नव्हतं. केटरव्हिलमध्ये खालच्या रांगेतली जागा विकत मिळत नाही. कुणीतरी मरावं लागतं, आणि मरणाऱ्यानं मृत्युपत्रात तुमचं नाव घालावं लागतं. घटस्फोट झाले की मुलं कुणाकडे यावर समजूत पटते, जागांवर वकील लागतात. आणि ही मुलगी म्हणत होती, कुठंही.

"दोन," तो म्हणाला. विचार न करता, चटकन.

"दुसरी कुणाच्या नावे?"

"पाहुण्यांच्या," तो म्हणाला, आणि फोनवर असूनही कान तापले.

वास्तविक त्याच्याकडे पाहुणे येत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ओरेगनमध्ये, तिला फुटबॉल म्हटलं की डोकं दुखायचं. पाहुणे म्हणजे पाव्हलिकबाई. वरच्या रांगेत त्याच्या उजव्या हाताची जागा तिची. तासाभराच्या अंतरावरच्या एल्क फोर्कला तिचं बी-बियाणं आणि गुरांच्या खाद्याचं दुकान. जागा मूळ तिच्या नवऱ्याची, स्टॅनची. स्टॅन वारला त्याच्या पुढच्याच शरद ऋतूत ती एकटी आली, कोटाच्या आतल्या खिशात कोलाचे — जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल गोड पाव — लपवून — आत खाणं आणायला बंदी — आणि पहिल्या पाच मिनिटांत पंचाच्या आईपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून झाल्यावर त्यातला एक तिनं त्याच्यापुढे धरला. तेव्हापासून घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या प्रत्येक शनिवारी हेच. शरदातले सहा-सात शनिवार, बस. तिचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. जानेवारीत ती काय करते, त्याला माहीत नव्हतं. मार्चमध्ये ती असते की नसते, हेही कधी मनात आलं नव्हतं... आलं होतं. या मार्चमध्ये आलं होतं. शिक्षा जाहीर झाली त्या संध्याकाळी सगळं गाव म्हणत होतं, आता कोण येतंय सामन्याला, आणि त्याच्या मनात एकदम आलं — खरंच, ती आली नाही तर?

एरवी स्पर्श म्हणाल तर बगळ्यांच्या रिवाजापुरता. समोरचा संघ गुणासाठी चेंडूला लाथ मारायला उभा राहिला की केटरचं सगळं मैदान बगळ्यासारखं एका पायावर उभं राहतं, चिडीचूप, आणि तोल जाऊ नये म्हणून शेजाऱ्याच्या खांद्यावर हात. लाथ बसून चेंडू दोन खांबांच्या आतून किंवा बाहेरून जाईपर्यंत पाय टेकायचा नाही. कुणी सुरू केलं कुणास ठाऊक. पण पाय टेकणाऱ्याशी लोक आठवडाभर बोलत नाहीत. पाव्हलिकबाईचा डावा हात त्याच्या उजव्या खांद्यावर. जाड लोकरीचा मोजा, मोज्याला खाद्याच्या पेंडीचा वास. चांगल्या संघाचं एक दुःख असतं: समोरच्याला लाथ मारायची पाळी फारशी येत नाही. काही शनिवार तर अगदी कोरडे गेले.

आणि एकदा मिठी. एकदाच. नदीपलीकडच्यांशी सामना, बर्फ पडत होतं, शेवटच्या क्षणाला आपल्या पोरानं चेंडू हवेत झेलला आणि रेघेपार पडला, आणि पाव्हलिकबाईनं क्लेटनला दोन्ही हातांनी असा आवळला की तिच्या टोपीचा गोंडा त्याच्या चष्म्यावर बसला, चष्मा उडाला, फळ्यांच्या फटीतून खाली गेला तो गेलाच. गावचा चष्मेवाला त्या रात्री एक डोळा मिटून, गाडी रांगवत घरी आला. चाचपडत कुलूप उघडताना तो हसत होता. पुढच्या शनिवारी दोघंही हवापाण्याबद्दल बोलले.

तो सामना रद्द झालेल्यांत होता.

समितीचं पत्रक वाचताना ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली तेव्हा तो मनाशी हसला होता. मग काही दिवसांनी हसू येईना. विजय झाला नाही तर उडी कशापायी, उडी नाही तर मिठी कुठली... मग माझा चष्मा कुठं गेला? हे कुणाला विचारायचं? ऑगीला? ऑगीनं ते कात्रीच्या तालावर अख्ख्या मेन स्ट्रीटला ऐकवलं असतं.

*

ऑगी स्टेडियमबाहेरच्या, गाड्या लावायच्या मैदानात शेगडी मांडून बसला होता. दर सामन्याला असतो तसाच, फक्त यंदा सुतकात. सॉसेजं मात्र दुप्पट आणली होती.

"ये, नवव्या रांगेच्या राजा," तो चिमट्यानंच सलाम ठोकत म्हणाला. "आमच्यासारख्यांकडे बघशील ना वरून — म्हणजे खालून?"

"तूही घ्यायचीस खाली."

"मी? तिथं माझा बाप बसायचा, तिथंच बसणार मी. खांबाआड. अर्धं मैदान दिसत नाही, यंदा तेवढंच बरं." त्यानं सॉसेज उलटलं, चरबी चर्र झाली. "मला एक सांग, क्लेट, तू शिकलेला आहेस. जिंकलेले पुसले. ठीक. चोरी केली, पुसा. मग हरलेले का ठेवले? त्या पाच वर्षांत हरलो ते सगळे तसेच आहेत पुस्तकात. त्याच पोरांनी, त्याच मोटारीतून येऊन हरलेले. ते कसे खरे?"

"नियम असेल."

"नियम. म्हणजे हरलेलं खरं आणि जिंकलेलं खोटं. माझ्या सासूचं माझ्याबद्दल हेच मत आहे." त्यानं पावात सॉसेज घालून त्याच्या हातात कोंबलं. "खा. तुझा चेहरा का असा झालाय? नवरदेवासारखा?"

"ऊन आहे."

"ऊन कुठाय," ऑगी म्हणाला आणि आभाळाकडे बघत राहिला. आभाळ करडं होतं, बगळ्यांच्या शर्टासारखं. क्लेटन तेवढ्यात निसटला.

आधी खाली जावं असं त्यानं ठरवलं होतं. आधी जागा पाहायच्या, बाकावरच्या गाद्या मांडायच्या, मग वर जाऊन तिला बोलवायचं. हाताशी तयार जागा असली की वाक्याला जोर येतो. नवव्या रांगेत शुकशुकाट होता. रखवालदार म्हणाला, "आज कुठंही बसा, डॉक्टर, हवं तर प्रशिक्षकाच्या मांडीवर." क्लेटननं दोन गाद्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग जरा अंतर ठेवून ठेवल्या. मग अंतर जास्त वाटलं...

आणि त्यानं समोर पाहिलं. पोरं मैदानात येत होती. इथून खेळ दिसत नव्हता, माणसं दिसत होती. एकाच्या हनुवटीवर ताज्या मुरुमांचा लाल पट्टा. एकाला शिरस्त्राण सैल. तो ते सारखं मागं ढकलत होता, जुन्या कुणाचं असणार. काही शर्टांवर नावंच नव्हती, शिवायला वेळ मिळाला नव्हता. यातले निम्मे गेल्या वर्षी वरच्या विद्यार्थ्यांच्या रांगांत बसून घसा फोडत होते, आणि आता त्यांच्या पोटात काय चाललंय ते नवव्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं. समोरच्या भिंतीवर जिथं जिंकलेल्या वर्षांचे आकडे होते तिथं नवा करडा रंग चढला होता, बाजूच्या रंगाशी न जुळणारा. वरून हा फरक कधी कळला नसता. इतक्या जवळून पाहायचं नसतं काही, असं त्याला वाटून गेलं. चाळीस वर्षं लोकांना जवळचं नीट दिसावं म्हणून खटपट केलेल्या माणसाला असं वाटावं, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मैदानाकडे पाठ केली.

"साहेब," मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "खेळ त्या बाजूला आहे."

"हो, हो," क्लेटन म्हणाला. भिंगांतून बाकांच्या ओळी सरकत वर चालल्या: रिकाम्या, मध्येच एक टोपी, पुन्हा रिकाम्या, ऑगीचा खांब, खांबाआड ऑगी... आणि अगदी वर, सिमेंटच्या भिंतीला टेकून, सप्टेंबरात लोकरीची टोपी घालून ती बसली होती. आली होती. त्यानं दुर्बिणीची खुंटी फिरवून तिला आणखी स्पष्ट केलं. तिचे ओठ हलत होते. दोन विद्यार्थी तिच्याजवळ उभे होते आणि ती त्यांना हातानं हाकलत होती. तिच्या डाव्या हाताला, त्याच्या जागेवर — जी आता त्याची नव्हती — एक फुगीर पिशवी ठेवलेली होती. पोरं गेली. तिनं पिशवी नीट केली, जसं कुणाचं उशीवरचं डोकं सारखं करावं.

एवढा मोठा जिना तो कधी चढला हे त्याला नंतर आठवेना. अर्ध्यावर खेळ सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली तेवढी.

"उशीर केलात, डॉक्टर," मैदानावरची नजर न काढता ती म्हणाली. "दोनदा भांडण झालं माझं या पिशवीपायी."

त्याला धाप लागली होती, त्यानं भिंतीला हात टेकला.  "ही जागा माझी नाही आता," शेवटी तो म्हणाला. "जुलैत सोडली."

"ठाऊक आहे. त्या कचेरीतल्या पोरीनं सांगितलं ना फोनवर. म्हणे, शेजारची रिकामी झालीय, घ्या हवी तर. म्हटलं, बये, माझा आकार तुला कुणी सांगितला?" मग जरा थांबून, "मला वाटलं, डॉक्टरपण पळाले. त्या मोटारीवाल्या पोरांसारखे."

"पळालो नाही. खाली गेलो."

"तेच ते."

"मग पिशवी कशाला ठेवली होती?"

"पिशवीला बसू देऊ नये काय," ती म्हणाली. पण मानेवर, टोपीखाली, जरा लाल झाली. असं त्याला वाटलं. भिंगाशिवाय नक्की सांगणं कठीण होतं.

आता वाक्य. त्यानं ते शोधलं. "नवव्या रांगेत," तो म्हणाला, "दोन आहेत. म्हणजे माझी एक. आणि एक जास्तीची."

तिनं प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. "कुणाची?"

"पाहुण्यांची."

"आले का मग पाहुणे?"

"अजून नाही."

"हं," ती म्हणाली. खाली आपल्या कुणीतरी चेंडू सोडला होता, लोक कण्हले. "आणि काय दिसतं तिथून?"

खोटं बोलायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "नाकं. पोरांची नाकं दिसतात."

पाव्हलिकबाई हसली ती अशी की तीन रांगा खालच्या बाईनं वळून पाहिलं. "नाकं बघायला एवढं खाली उतरू मी, या गुडघ्यांनी?"

"पण तुम्हीच म्हणायचात. दर शनिवारी. 'देवानं एकदा तरी खाली बसवावं.'"

"अहो, म्हणायचं असतं ते. स्टॅनही म्हणायचा. खाली जाऊन बसलं की मग म्हणायचं काय माणसानं?" तिनं पिशवी उचलून त्याच्या मांडीवर दिली. "बसा. सांभाळून ठेवा, कोलाचे आहेत आत. यंदा तपासतसुद्धा नाहीत फाटकावर. मजाच गेली."

तो बसला. बूड टेकताच जागेनं त्याला ओळखलं.

*

लाल शर्टवाले पाहुणे चेंडू घेऊन पहिल्यांदा रेघेपार गेले तेव्हा केटरच्या माणसांनी नेहमीसारखा 'अरेरे' केला. सहा गुण त्यांचे. आता एका गुणासाठी लाथ. सगळे उठले. मधे मधे माणसं नसल्यामुळे कुणाला खांदाच नव्हता. लोक बाकांवरून सरकत सरकत एकमेकांजवळ आले, अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना हात दिले, आणि अर्धं रिकामं मैदान एका पायावर उभं राहिलं. पाव्हलिकबाईचा हात आला. मोजा नव्हता. सप्टेंबर होता, मोजा कुठून असणार. शर्टाच्या पातळ कापडावर नुसता हात, कामानं खरबरीत, पोत्यांच्या सुतळीनं कडा कठीण झालेला. चेंडू खांबांमधून गेला. पाय टेकले. हात गेला.

थोड्याच वेळात पाहुणे पुन्हा रेघेपार गेले. पुन्हा पाय, पुन्हा हात.

मध्यंतरापर्यंत असं इतक्यांदा झालं की खालच्या बाईनं चपला काढून ठेवल्या. आपली पोरं पडत होती, उठत होती, एकमेकांवर आपटत होती. सैल शिरस्त्राणवाला एकदा चक्क उलट्या दिशेनं धावला. पण मग त्यानंच एका आडदांड लाल शर्टाला कमरेला मिठी घालून जमिनीवर आणला, आणि केटरव्हिलचे लोक असे ओरडले की जणू आता सुट्टीच जाहीर झाली. पूर्वी इथं सामना जिंकूनही लोक कुरकुरत घरी जायचे — कमी फरकानं जिंकला म्हणून. आज एकेका पावलाला टाळ्या पडत होत्या. हे काय चाललंय, क्लेटनला समजेना. ऑगीसुद्धा खांबाआडून बाहेर आला होता.

"त्या पंचाला दुकानात बोलवा तुमच्या," पाव्हलिकबाई तोंडात कोलाचा असताना म्हणाली. "फुकट चष्मा द्या. मी देते पैसे."

"फुकट म्हटल्यावर पैसे कशाचे?"

"अपमानाचे."

आणि मग, तिसऱ्या भागात केव्हातरी, ते घडलं. पाहुणे पुन्हा रेघेजवळ आले होते. आपली पोरं ओळीनं वाकून उभी, दमलेली, गुडघे थरथरत असणार. सगळं मैदान ओरडत होतं — अडवा, अडवा — आणि क्लेटन ब्रुगमन, ज्याच्या आईनं त्याला करड्या टोपड्यात इथं आणला होता, ज्यानं लग्नाची तारीख सामन्यांचं वेळापत्रक पाहून ठरवली होती, त्याच्या ध्यानात आलं की आपण ओरडत नाही. आपण वाट पाहतो आहोत. जाऊ द्या त्यांना. जाऊ द्या एकदाचे रेघेपार, मग लाथ, मग...

त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं चोरून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणाला ऐकू आलं असेल काय? असलं ऐकू आलं तर या गावात माणसाला दाढीसुद्धा कुणी करून देणार नाही. ही पोरं तिथं हाडं मोडून घेताहेत आणि मी म्हातारा... मी तर त्यांच्या पराभवावर हात शेकत बसलोय. आणि शरमेच्या मागोमाग, अगदी तिला खेटून, हसू आलं. ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"वारा," तो म्हणाला.

"वारा कुठाय?" ती म्हणाली, आणि तिच्याही ओठांची कड जरा वर गेल्यासारखी वाटली, आणि एक भलताच विचार त्याच्या मनात शिरला. हीसुद्धा ओरडत नव्हती. दिवसभर पंचाच्या सात पिढ्या काढणारी ही बाई मघापासून गप्प होती, हात मांडीवर ठेवून, तयारीत... छे. काहीतरीच. तरी तो विचार बाहेर जाईना.

पाहुणे गेले रेघेपार. अर्थात गेले.

लोक उठले. क्लेटननं डावा पाय उचलला. हात खांद्यावर आला आणि या वेळी त्याचं वजनही आलं, सगळं. ती थकली होती, किंवा तिनं ठरवलं होतं. पाहुण्यांचा लाथाड्या खाली पावलं मोजत मागं सरकत होता. मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत ऑगीचं शेगडीजवळचं गाऱ्हाणं त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्यातली गोम कळली. जिंकलेलं ते पुसतात. हरलेल्याला कुणी हात लावत नाही. बर्फातली ती संध्याकाळ गेली ती गेली, समितीनं नेली, नेऊ दे; पण हा शनिवार आपण हरत होतो, चांगलेच, लाजिरवाणे हरत होतो, आणि तो पुस्तकात असाच राहणार होता. कुणाला तो चोरीचा ठरवता येणार नाही, कुणाला तो घडलाच नाही असं म्हणता येणार नाही. आणि शिक्षा चार वर्षांची होती. गावात हा आकडा लोक दातओठ खाऊन उच्चारत. चार शरद... एवढंच? असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला आपली कीव आली नाही.

चेंडू वर गेला. खांबावर आपटला आणि बाहेर पडला. मैदानात एकच गलका उठला, पाय धडाधड टेकले, कुणी टोप्या उडवल्या. दिवसभरातली केटरची ही पहिली कमाई होती. पाव्हलिकबाईचाही पाय टेकला. हात तिथंच राहिला. तिच्या लक्षात नसावं. किंवा...

"पुढचा सामना बाहेरगावी आहे," ती खाली पाहत म्हणाली. "मी रेडिओवर ऐकते. दुकान बंद करून, मागच्या खोलीत. शिव्या देते, पण समोर कुणी नसलं की त्यांना चवच येत नाही."

 क्लेटननं खांदा हलवला नाही, श्वासही जपून घेतला. एल्क फोर्कचा रस्ता त्याला ठाऊक होता; पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं. सकाळपासून जुळवलेली वाक्यं खाली नवव्या रांगेत त्या दोन गाद्यांवर राहिली होती, आणि आता तोंड उघडताना आपण काय म्हणणार आहोत याची त्याला कल्पना नव्हती. भीती मात्र, त्यानं शोधून पाहिलं तरी, सापडत नव्हती.